साठ किलोमीटरवरचे कान

नागपूरहून पूर्वेकडे राष्ट्रीय महामार्ग ५३ धरला की साधारण ६० किलोमीटरवर, वैनगंगेच्या अलीकडे, भंडारा लागते. एफएम रेडिओच्या हिशेबाने हे अंतर मोठे अडनिडे आहे. एफएमच्या लहरी जवळपास सरळ रेषेत जातात आणि पृथ्वीचा बाक आडवा आला की विरत जातात. प्रक्षेपणाची अँटेना जमिनीपासून १५० मीटर उंच असेल, तर तिचे क्षितिज सुमारे ५० किलोमीटरवर येते. ऐकणाऱ्याची अँटेना घराच्या गच्चीवर असेल, तर आणखी आठ-दहा किलोमीटर पदरात पडतात. म्हणजे नागपूरच्या एफएम केंद्राचे वर्तुळ जिथे संपत येते, नेमके तिथे भंडारा शहर वसले आहे. तिथे गाणे ऐकू येईल की खरखर, हे मनोऱ्याची उंची, प्रक्षेपणाची ताकद, हवामान आणि रेडिओ घरात कुठे ठेवला आहे, यावर ठरते. तुमसर, पवनी, साकोली, लाखांदूर ही गावे तर त्या काठाच्याही पलीकडची. महानगरांच्या रेडिओवर जुन्या गाण्यांचे पुढे काय होणार, हा प्रश्न मात्र बहुधा महानगराच्या मधोमध उभे राहून विचारला जातो आणि उत्तरही तेवढ्यापुरतेच मिळते. तरुणांना नवे हवे असते, म्हाताऱ्यांना जाहिरातदार विचारत नाहीत, जुनी गाणी सगळी मोबाइलवर आहेत. तेव्हा विषय संपला, असे ते उत्तर असते. माझे म्हणणे वेगळे आहे. जुन्या गाण्यांना रेडिओवर जागा मिळवून दिली ती बऱ्याच अंशी काठावरच्या श्रोत्यांनी. पुढे ती जागा राहील की जाईल, हेही काठावरचे कान कोणी मोजते की नाही, यावर ठरणार आहे.

ही गोष्ट १९५२ पासून सांगावी लागते. त्या वर्षी बाळकृष्ण विश्वनाथ केसकर माहिती आणि नभोवाणी खात्याचे मंत्री झाले. पुण्यात जन्मलेला हा माणूस शास्त्रीय संगीताचा मनापासून भक्त होता. आकाशवाणीने अभिजात संगीताला जो आधार दिला त्यात त्यांचा वाटा मोठा आहे. पण चित्रपटगीतांनी लोकांची अभिरुची बिघडते, असे त्यांचे ठाम मत होते आणि त्यांच्या धोरणामुळे ही गाणी काही वर्षे आकाशवाणीवरून जवळपास हद्दपार झाली. श्रोत्यांनी वाद घातला नाही. त्यांनी रेडिओची सुई फिरवून कोलंबोवर नेऊन ठेवली. रेडिओ सिलोनकडे दुसऱ्या महायुद्धात दोस्तराष्ट्रांच्या सैन्यासाठी उभारलेले ताकदवान लघुलहरी प्रक्षेपण होते. लघुलहरी वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावर आपटून पुन्हा जमिनीकडे येतात, त्यामुळे त्यांना क्षितिजाचा अडसर नसतो. कोलंबोच्या दृष्टीने मुंबई आणि तुमसर सारखेच होते. निवेदक अमीन सयानी ‘बिनाका गीतमाला’ हा चित्रपटगीतांचा कार्यक्रम मुंबईत ध्वनिमुद्रित करत, ती फीत कोलंबोला जाई आणि तिथून साऱ्या उपखंडावर पसरे. कार्यक्रम महानगरात तयार व्हायचा, पण तो कोण ऐकते हे पोस्टकार्डे सांगायची. झुमरी तिलैया हे आजच्या झारखंडातले अभ्रकाच्या खाणींचे गाव देशाला ठाऊक झाले ते केवळ फर्माईशीच्या पोस्टकार्डांमुळे. गाण्याआधी निवेदक गावांची आणि माणसांची नावे वाचत, ती अनेकांना कंटाळवाणी वाटत असतील. त्या नावांमध्ये एक मोजणी दडलेली होती, हे आपण विसरतो. काही पैशांच्या त्या कार्डावर लहान गावाचा कान मोठ्या शहराच्या कानाइतकाच भरत असे.

आकाशवाणीला माघार घ्यावी लागली ती या मोजणीमुळे. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू झाली. कवी नरेंद्र शर्मा तिचे शिल्पकार. पुढे १ नोव्हेंबर १९६७ पासून तिच्यावर जाहिराती घेणारी सेवा सुरू झाली तेव्हा पहिली तीन केंद्रे होती मुंबई, पुणे आणि नागपूर. तिन्ही महाराष्ट्रातली, आणि त्यातले नागपूर तेव्हाही मुंबई-पुण्याच्या तुलनेत लहान. व्यापारी नभोवाणीचा देशातला पहिला प्रयोग करताना विदर्भाचे शहर निवडले गेले, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते, कारण आजच्या एफएमच्या चर्चेत नागपूर हे दुय्यम बाजारपेठ म्हणून येते आणि भंडारा तर येतच नाही.

पण ‘जुने गाणे’ हा शब्द फसवा आहे. रेडिओ सिलोनवर सकाळी ‘पुरानी फिल्मों का संगीत’ लागे आणि त्याचा शेवट कुंदनलाल सैगल यांच्या गाण्याने होई. पन्नासच्या दशकातल्या माणसाला सैगलांची गाणी जेमतेम पंधरा-वीस वर्षांपूर्वीची होती. तेच माप आज लावले तर २००५ च्या आसपासचे गाणे जुने ठरते, आणि ज्यांना आपण अजून नवी समजतो ती नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची गाणी तर तिशी ओलांडून गेली. स्मृतीचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ सांगतात की उतारवयात माणसाला सर्वांत ठळक आठवतो तो साधारण दहा ते तीस या वयातला काळ. आठवणींचा आलेख तिथे उंचवटा घेतो. त्यामुळे प्रत्येक पिढीला ‘आमच्या वेळची गाणी’ असतात आणि प्रत्येक पिढीची ती वेगळी असतात. ‘जुने’ ही एक सरकती खिडकी आहे. माणसे वयाने पुढे जातात तशी ती खिडकीही पुढे सरकते, आणि तिच्या मागच्या कडेवरून काही गाणी दिसेनाशी होतात.

न्यूयॉर्कच्या एका केंद्रावर हे सरकणे उघड्यावर घडले. डब्ल्यूसीबीएस-एफएम हे केंद्र १९७२ पासून जुन्या गाण्यांसाठी प्रसिद्ध होते. ३ जून २००५ रोजी मालकांनी एका दुपारी ते सगळे थांबवले आणि निवेदकांशिवाय चालणारी, सरमिसळ गाण्यांची ‘जॅक’ नावाची वाहिनी सुरू केली. कारण व्यवहाराचे होते: अमेरिकेत जाहिरातदार प्रामुख्याने २५ ते ५४ वयाच्या श्रोत्यांसाठी पैसे मोजतात आणि पन्नास-साठच्या दशकांतल्या गाण्यांचे चाहते त्या वयाच्या पलीकडे निघाले होते. श्रोते खवळले, नवी वाहिनी चालली नाही, आणि १२ जुलै २००७ रोजी जुने नाव परत आले. ही घटना बहुतेक वेळा जुन्या गाण्यांचा विजय म्हणून सांगितली जाते, पण ती अर्धीच गोष्ट आहे. परत आलेल्या केंद्राचा भर साठ ते ऐंशीच्या दशकांवर होता. पन्नासच्या दशकातले रॉक अँड रोल बहुतांशी परत आलेच नाही. आपल्याकडेही तसेच. २०१६ मध्ये मुंबईत ९१.९ वर आणि दिल्लीत १०७.२ वर ‘रेडिओ नशा’ सुरू झाला तेव्हा त्याने आपली ओळख ‘रेट्रो’ अशी सांगितली आणि भर सत्तर ते नव्वदच्या दशकांवर ठेवला. त्यात गैर काही नाही. पण त्यामुळे दोन प्रश्न वेगळे ठेवणे भाग आहे. महानगरांच्या रेडिओवर काहीतरी जुने वाजत राहील का? नक्कीच राहील; सरकती खिडकी त्याची हमी देते. पण १९५० आणि १९६० ची गाणी, त्याआधीची नाट्यपदे आणि भावगीते वाजत राहतील का? ती आपोआप वाजणार नाहीत. खिडकीच्या मागच्या कडेला कोणी हात लावून धरला, तरच.

हा हात लावायचा कशासाठी? इथे भंडारा जिल्ह्यातली कामे पाहावीत. मोहाडी तालुक्यातल्या आंधळगावात कोशाच्या रेशमाचे माग आहेत. भंडारा शहराला पितळी भांड्यांनी नाव मिळवून दिले. गावोगाव घराच्या ओसरीवर बायका विड्या वळतात. पावसाळ्यात बांध्यांमध्ये धानाची रोवणी चालते, तेव्हा पाठ वाकलेली आणि हात चिखलात असतात. या सगळ्या कामांत हात आणि डोळे गुंतलेले, कान मात्र मोकळे. क्यूबामध्ये चिरूट वळणाऱ्या कामगारांनी १८६५ पासून यावर एक उपाय केला होता: कारखान्यात उंचावर बसून वर्तमानपत्रे आणि कादंबऱ्या मोठ्याने वाचणारा वाचक. त्याचा पगार कामगार आपल्या मजुरीतून देत. तंबाखूच्या पानापाशी बसलेल्या माणसाला ऐकण्याची भूक असते आणि ती भागवण्यासाठी तो स्वतःच्या कमाईतून पैसे मोजतो, हे त्यावरून कळते. विडी वळणाऱ्या बाईला त्या जागी रेडिओ मिळाला. महानगरातही असे हात कमी नाहीत. शिलाई यंत्रावर बसलेला शिंपी, रात्रपाळीचा पहारेकरी, ऑटोचालक, पोळ्या लाटणाऱ्या बायका, छापखान्यातला कामगार. नागपूरच्या रस्त्यावरचा ऑटोचालक आणि आंधळगावचा विणकर हे रेडिओसाठी एकाच जातीचे श्रोते आहेत. एकजण वर्तुळाच्या मध्यावर आहे आणि दुसरा कडेवर, इतकाच फरक.

यावर सर्वांत जोरदार आक्षेप असा येतो की हे सगळे आता मोबाइल करतो. यूट्यूबवर आणि गाण्यांच्या ॲपवर पन्नास वर्षांपूर्वीचे कोणतेही गाणे एका बोटावर मिळते, एक संपले की दुसरे आपोआप लागते, मग रेडिओ कशाला? आक्षेपात तथ्य आहे. खेड्यातही आज बहुतेक घरांत स्मार्टफोन आहे आणि डेटा स्वस्त आहे. जुने गाणे मिळणे ही अडचण राहिलेली नाही. तरीही दोन गोष्टी आक्षेपातून निसटतात. पहिली, शोधायला आधी नाव ठाऊक असावे लागते. ज्याला एखाद्या विसरलेल्या संगीतकाराचे नावच माहीत नाही, तो त्याला शोधणार कसा? ॲप आपोआप पुढचे गाणे लावते ते ऐकणाऱ्याच्या आधीच्या निवडीवरून, त्यामुळे माणूस आपल्याच पायवाटेवर अधिक खोल जातो. रेडिओ त्याला दुसऱ्याच्या वाटेवर नेतो. दुसरी गोष्ट सारेगामा या ध्वनिमुद्रिका कंपनीने २०१७ मध्ये बाजारात आणलेल्या ‘कारवां’ने दाखवून दिली. आत ५,००० जुनी गाणी भरलेली, जुन्या ट्रान्झिस्टरच्या तोंडवळ्याची ही पेटी. त्यातली जवळपास सगळी गाणी इंटरनेटवर फुकट ऐकता येत होती. तरी ती लाखोंनी खपली आणि तिची मराठी आवृत्तीही निघाली. लोकांनी पैसे मोजले ते गाण्यांसाठी कमी आणि निवड न करण्याच्या सुखासाठी जास्त. बटण दाबले की कोणीतरी लावलेले गाणे यावे, हे सुख मुळात रेडिओचे आहे. पण कारवांच्या पेटीत निवेदक नाही. चाल कोणाची, सारंगी कोणी वाजवली, हे गाणे चित्रपटातून का कापले गेले, गायिकेचे त्या वेळी वय काय होते, हे सांगणारा माणूस नाही. जुन्या गाण्याला तो लागतो, कारण नव्या गाण्याचा संदर्भ ऐकणाऱ्याच्या भोवती जिवंत असतो, जुन्याचा संदर्भ कोणीतरी उभा करावा लागतो. बिग एफएमवर अन्नू कपूर यांचा ‘सुहाना सफर’ लोकप्रिय झाला तो गाण्यांच्या मागच्या गोष्टींमुळे. २० फेब्रुवारी २०२४ रोजी अमीन सयानी गेले तेव्हा अनेकांना आठवला तो गाण्याआधीचा आवाज. म्हणून महानगरी केंद्रांचा खर्च वाचवण्याचा आवडता मार्ग, म्हणजे निवेदक काढून संगणकावर गाण्यांची यादी लावून देणे, हा जुन्या गाण्यांच्या बाबतीत सर्वांत घातक आहे. त्याने रेडिओ एक वाईट ॲप होतो, आणि वाईट ॲपपेक्षा चांगले ॲप कोणीही निवडेल.

आता मोजणीकडे. पोस्टकार्ड गेले आणि त्याच्या जागी जे आले त्याने काठ पुसून टाकला. एफएमच्या खाजगीकरणानंतर टॅम या संस्थेने रेडिओचे श्रोते मोजायला सुरुवात केली, तेव्हा ही मोजणी मुंबई, दिल्ली, बंगळूर आणि कोलकाता या चार शहरांपुरती होती. निवडक श्रोते आपण काय ऐकले ते रोजनिशीत नोंदवत. देशभरच्या केंद्रांवर काय वाजवावे याचे आडाखे या चार शहरांच्या वह्यांवरून बांधले जाऊ लागले. नागपूर त्यात नव्हते, मग नागपूरच्या वर्तुळाच्या कडेवरचे भंडारा कुठून असणार? जे मोजले जात नाही ते हळूहळू अस्तित्वात नसल्यासारखे होते. २०११ च्या जनगणनेत भंडारा जिल्ह्याची लोकसंख्या १२ लाखांच्या आसपास होती आणि त्यातले दर पाचातले चार जण खेड्यात राहत होते. त्यांच्या ऐकण्याची नोंद कुठल्याच वहीत नाही.

उलट जिथे मोजणीची रीत बदलली तिथे चित्र पालटले. प्रसार भारतीने आपल्या न्यूज ऑन एअर ॲपवरच्या थेट प्रसारणाच्या क्रमवारी २०२१ मध्ये जाहीर करायला सुरुवात केली, तेव्हा देशात सर्वांत वर विविध भारती होती आणि शहरांमध्ये पुणे वारंवार पहिले येत होते. दिल्ली, मुंबई, बंगळूर या मोठ्या बाजारपेठा मागे होत्या. ज्या माध्यमाने रेडिओ मारला असे म्हणतात त्या मोबाइलवरच, साठीतल्या सरकारी वाहिनीला लोक शोधून शोधून ऐकत होते. यातून जुन्या गाण्यांना श्रोते आहेत एवढेच सिद्ध होते. ते पैसे देतील हे सिद्ध होत नाही, हे मान्य. पण ‘श्रोतेच उरले नाहीत’ हा मुद्दा तरी बाद होतो.

या बाबतीत सरकारी नभोवाणीनेही चुका केल्या आहेत. देशाच्या मध्यावर म्हणून नागपूरजवळ १,००० किलोवॅटचे मध्यमलहरी प्रक्षेपण उभारले गेले आणि १९८८ पासून त्यावरून आकाशवाणीची राष्ट्रीय वाहिनी रात्रभर चालली. रात्री मध्यमलहरी आकाशावरून परावर्तित होऊन फार दूर जातात. त्यामुळे रात्रपाळीचा माणूस, ट्रकचालक, शेतात पाणी देणारा शेतकरी, यांच्यासाठी ती हक्काची सोबत होती. २०१८ च्या अखेरीस ती वाहिनी बंद करण्याचा निर्णय झाला. वीज महाग, यंत्रसामग्री जुनी, मध्यमलहरीचे श्रोते घटलेले, ही कारणे खोटी नव्हती. पण त्या निर्णयाने रात्रीचा, क्षितिजापलीकडचा कान हिशेबातून गेला आणि त्याच्या जागी काय द्यायचे, याचा विचार कमी पडला.

जाहिरातदार मात्र म्हणेल, भंडाऱ्यातला साठीचा माणूस माझे काय विकत घेणार? या प्रश्नाला भावनेने उत्तर देऊन चालत नाही. नागपूरची बाजारपेठ नागपूरपुरती नाही. भंडारा, गोंदिया, बालाघाट, छिंदवाडा इथली माणसे मोठ्या उपचारांसाठी, लग्नाच्या दागिन्या-कापडासाठी, शेतीच्या यंत्रांसाठी, मुलांच्या शिक्षणासाठी नागपूरला येतात, आणि या खर्चांचे निर्णय बरेचदा घरातल्या पन्नाशी-साठीच्या माणसांच्या हातात असतात. २०११ च्या जनगणनेत देशात साठीच्या वरची १०.४ कोटी माणसे होती आणि हा वाटा वाढतच जाणार आहे. ब्रिटनमध्ये याच गटासाठी १४ फेब्रुवारी २०२१ रोजी ‘बूम रेडिओ’ ही खाजगी वाहिनी सुरू झाली, जाहिरातींवरच. २०२३ मध्ये केन ब्रूस हे बीबीसी रेडिओ २ चे फार लोकप्रिय निवेदक तिथून निघून जुनी गाणी वाजवणाऱ्या खाजगी वाहिनीवर गेले, तेव्हा त्यांच्यामागे श्रोतेही मोठ्या संख्येने गेले. भारतातले निवृत्त लोक ब्रिटनमधल्यांइतके सधन नाहीत, हा फरक मी विसरत नाही. पण तरुणांची गर्दी असलेल्या शहरात चार केंद्रे सारखीच नवी गाणी वाजवत एकमेकांचे श्रोते ओढत असतील, तर पाचव्याने जुन्याकडे वळणे हा शहाणा व्यवहार ठरतो.

सर्वांत गंभीर आक्षेप वेगळाच आहे, आणि तो व्यवहाराचा नसून न्यायाचा आहे. रेडिओवर ‘जुनी गाणी’ म्हणजे हिंदी चित्रपटगीते हे समीकरण इतके घट्ट झाले आहे की दुसरे कोणतेही जुने संगीत त्या नावाखाली ओळखलेच जात नाही. भंडारा ही झाडीपट्टी आहे. इथे दंडार आणि खडी गंमत ही लोकनाट्ये आहेत, आणि दिवाळीनंतर मंडईच्या, म्हणजे गावजत्रेच्या, दिवसांपासून रात्ररात्र चालणारी झाडीपट्टीची रंगभूमी आहे. तिचे केंद्र लाखांदूरच्या पलीकडचे वडसा-देसाईगंज. तिकीट काढून लोक पहाटेपर्यंत गाण्यांची नाटके पाहतात. या रंगभूमीवरच्या कामासाठी परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. साकोलीच्या हरिश्चंद्र बोरकर यांनी झाडीबोली आणि दंडार यांवर आयुष्यभर काम केले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५४ मध्ये लोकसभेची पोटनिवडणूक लढवली ती याच भंडाऱ्यातून, आणि इथल्या वस्त्यांमध्ये भीमगीतांची परंपरा आहे. तुकडोजी महाराजांची खंजिरी भजने विदर्भाच्या खेड्यांत आजही म्हटली जातात. हे सगळे जुने संगीत आहे, लोकांच्या तोंडी आहे, आणि महानगराच्या रेडिओने त्याची फार कमी दखल घेतली. तेव्हा कोणी म्हणाले की साठच्या दशकातली हिंदी गाणी आणखी पन्नास वर्षे वाजवून तुम्ही झाडीपट्टीचा आवाजच दाबणार आहात, तर त्याला काय सांगायचे?

मी त्याला सांगेन की तुमचे बरोबर आहे, आणि म्हणूनच जुन्या गाण्यांचा तास वाढवला पाहिजे. नव्या गाण्यांच्या केंद्रावर दंडारीला जागा कधीच मिळणार नाही. तिथली यादी मुंबईच्या चित्रपट कंपन्यांच्या प्रसिद्धीवर चालते. जुन्याच्या तासात निवेदक असतो, गोष्ट असते, आणि ऐकणाऱ्याची थांबण्याची तयारी असते. तिथे एका हिंदी गाण्यानंतर नाट्यपद, त्यानंतर भीमगीत, त्यानंतर मंडईतल्या नाटकाचे ध्वनिमुद्रण, असे चालू शकते. पुणे आकाशवाणीने १ एप्रिल १९५५ पासून गीतरामायणाची ५६ गाणी आठवड्याला एक अशी दिली, तेव्हा ते संगीत नवे होते, पण रीत कीर्तनाची होती. कवी गदिमा आणि संगीतकार सुधीर फडके यांच्या त्या मालिकेने दाखवले की मराठी श्रोता गाण्यामागची गोष्ट ऐकायला एक वर्ष थांबतो. असा धीर असलेल्या श्रोत्याला केवळ हिंदीच्या हिट गाण्यांची रांग देत राहणे हा त्याचा अपमान आहे.

पैशाची एक बाजूही आता जुन्याच्या बाजूने झुकते आहे, आणि तिची चर्चा फार कमी होते. भारतीय कॉपीराइट कायद्यात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षे टिकतो. म्हणजे २०२५ साल संपले तेव्हा १९६५ पर्यंतच्या सर्व ध्वनिमुद्रणांवरचा हक्क संपला. ज्याला हिंदी चित्रपटसंगीताचा सुवर्णकाळ म्हणतात त्याचा बराच भाग यात आला, आणि दरवर्षी आणखी एक वर्ष त्यात जमा होत जाईल. शब्द आणि चाल यांवरचे हक्क मात्र कवी आणि संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे राहतात. गदिमा १९७७ मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या शब्दांवरचा हक्क २०३७ च्या अखेरपर्यंत. फडके २००२ मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या चालींवरचा २०६२ पर्यंत. त्यामुळे गाणे पूर्ण फुकट होत नाही, आणि तसे व्हावे असेही मला वाटत नाही. कवीच्या वारसांना त्यांचा वाटा मिळालाच पाहिजे. पण ध्वनिमुद्रणाच्या मालकाला द्यायचा भाग गळतो आणि २०१२ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम ३१-ड मुळे केंद्रांना ठरलेल्या दराने परवाना मिळण्याची वाटही आहे. उरते ती अडचण ध्वनिमुद्रिका मिळण्याची. ७८ फेऱ्यांच्या लाखेच्या तबकड्या फुटतात, झिजतात. मुंबईत १९९० मध्ये स्थापन झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्ससारख्या संग्राहकांच्या संस्थेने जे जपले त्याचे मोल महानगरी केंद्रांना अजून उमगलेले नाही.

म्हणून पुढच्या दहा वर्षांत काय घडेल, हे दोन सरकारी कागदांवर अवलंबून आहे असे मला वाटते. पहिला ऑगस्ट २०२४ चा. केंद्रीय मंत्रिमंडळाने २३४ शहरांमध्ये ७३० नव्या खाजगी एफएम वाहिन्यांच्या लिलावाला मान्यता दिली. विदर्भातून गोंदिया, चंद्रपूर, वर्धा, यवतमाळ ही नावे त्यात आहेत, भंडारा नाही. खाजगी एफएमच्या या टप्प्याचा मूळ निकष एक लाख लोकसंख्येचा, आणि २०११ मध्ये भंडारा शहर त्या रेषेच्या थोडे खाली राहिले. जिल्ह्याची १२ लाख माणसे मोजली असती तर निकाल वेगळा लागला असता, पण मोजले गेले ते शहर. म्हणजे भंडाऱ्याला खाजगी रेडिओ मिळेल तो नागपूरचा किंवा गोंदियाचा, दोन वर्तुळांच्या कडांवरचा.

दुसरा कागद ऑक्टोबर २०२५ चा, ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेच्या डिजिटल रेडिओबद्दलच्या शिफारशींचा. सुरुवात नागपूरसह तेरा मोठ्या शहरांतून करावी, असे त्यात सुचवले आहे. एकाच लहरीवर नेहमीच्या एफएम वाहिनीबरोबर तीन डिजिटल वाहिन्या चालवता येतील, ही त्यातली मोठी गोष्ट. आज एकच वाहिनी असलेल्या केंद्राला जुने की नवे असा पेच पडतो. चार वाहिन्या हाती आल्या की एक जुन्या संगीताला देणे परवडू लागते, आणि त्या एकीवर सैगल, नाट्यपदे, भीमगीते आणि दंडार यांना तास वाटून देता येतात. पण डिजिटल प्रक्षेपणाचा एक गुण काठावरच्या श्रोत्यासाठी अवगुण आहे. नेहमीचे एफएम दूर जाताना खरखरत जाते. लहर क्षीण झाली तरी खरखरीतून गाणे ओळखू येते. डिजिटलमध्ये लहर एका मर्यादेखाली गेली की आवाज एकदम तुटतो. तिच्या अलीकडे स्वच्छ गाणे, पलीकडे शांतता. भंडारा नेमके त्या मर्यादेवर आहे. नागपूरचा मनोरा किती उंच, प्रक्षेपणाची ताकद किती, आणि भंडारा-तुमसर-साकोलीला छोटी पुनःप्रक्षेपण केंद्रे बसवण्याची अट लिलावाच्या कागदात आहे की नाही, यावर आंधळगावच्या मागापाशी गाणे पोहोचायचे की नाही हे ठरेल. ती अट घालण्याची वेळ लिलावाच्या आधीची आहे.